खिलार दिवसभर माळावर असतात, तरी फासळ्या दिसाय लागल्यात. संध्याकाळी काय घालू?

माणदेशी_गडी (म्हसवडजवळ):
राम राम मंडळी. दोन खिलार गाया, एक गाभण कालवड, एक बैल. पावसाला अजून दोन-अडीच महिने आहेत आणि माळावरची कुसळी वाळून तारेगत झालीय. पोट भरल्यागत दिसतं, पण पुठ्ठे बसत चाललेत आणि शेण घट्ट पडतंय. कडबा थोडा आहे. सरकी पेंड घालू, मका भरडा घालू का उसाचं वाढं (शेंड्याकडची हिरवी पात) आणू? पैसं एकापुरतंच हायत.

आटपाडीकर:
दादा, भरडा. रोज दोन किलो. महिन्यात अंगावर येतील.

दावण:
आटपाडीकर, इथं पटत नाही. वाळल्या गवतात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. 7 च्या खाली गेलं की कोठीपोटातले, म्हणजे चारा आंबवून पचवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतूच उपाशी पडतात. मग गवत पचायला वेळ लागतो, पोट रिकामं होत नाही, जनावर चरणं कमी करतं. त्यात नुसता भरडा ओतला तर गवताचं पचन आणखी बसतं. गडीदादा, पैसे पेंडीत घाला. मोठ्या जनावराला रोज किलोभर, सुरुवात पाव किलोनं. कालवडीला जरा सैल हातानं घाला. सोबत 50 ग्रॅम क्षारमिश्रण, चिमूटभर नव्हे, मोजून. आणि घालायची ती संध्याकाळी दावणीला आल्यावरच. मी सकाळी घालायचो, तर माझी एक गाय रानात जायलाच तयार नसायची, गोठ्याकडं तोंड करून उभी!
पाणी दोनदा पाजता ना?

आटपाडीकर:
माझ्या बांधलेल्या जर्सी आहेत हो, दुधाच्या. त्या हिशेबानं बोललो. चरणाऱ्याचं वेगळं असेल.

जत_पूर्व:
कडबा थोडा आहे म्हणता, तर त्यालाच कसदार करा. 100 किलो कुट्टीला (बारीक कापलेल्या कडब्याला) 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पार विरघळवून. थर द्या, शिंपडा, तुडवा, वरनं प्लॅस्टिक घालून हवाबंद. 21 दिवस उघडायचं नाही. काढल्यावर वास उडेपर्यंत पसरून ठेवा, मगच घाला, तेही थोडंथोडं वाढवत. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात नाही.
सांगायला लाज वाटते, पण सांगतो. गेल्या उन्हाळ्यात शिंपून उरलेलं पाणी बादलीत तसंच ठेवून जेवायला गेलो. बैलानं दावं तोडलं आणि बादली रिकामी केली. डॉक्टर यायच्या आत गेला. भाकरी ताटात तशीच राहिली. आधी बादली धुऊन पालथी घाला, मग घरात जा.

माणदेशी_गडी:
वाचून पोटात गोळा आला राव. पाणी एकदाच पाजतो, दुपारी. आणि वाढ्याचं काय? इकडं सगळे तेच घालतात.

दावण:
पाणी दोनदा करा, शेण त्यानंच पहिलं सैल होईल. वाढं पोट भरायला ठीक, पण त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. गाभण कालवडीला नुसत्या वाढ्यावर ठेवू नका. घातलंच तर चुन्याची निवळी शिंपडून, कडब्यात मिसळून. आणि वळीव झाला की ज्वारीच्या खोडक्याला कोवळे फुटवे येतात, तिथं जनावर सोडू नका. ते विषारी असतात.

माणदेशी_गडी:
पेंड उद्या आणतो. कुट्टीला शेजारच्या आप्पांचं मशीन मिळतंय. युरियाचं पोतं गोठ्यात मिठाशेजारीच होतं, ते आत्ता माळ्यावर टाकून आलो.