ईबी-५ साठी वडिलोपार्जित जमीन विकावी का?

धागाकर्ता (पुणे, निवृत्त अभियंता)

गेले तीन महिने आमच्या घरात हा एकच विषय चालू आहे, म्हणून तो येथे मांडतो. माझा मुलगा २०१२ पासून अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या ईबी-२ गटातील त्याच्या अर्जाची नोंद २०१६ मधली आहे, आणि २०२५ संपत आले तेव्हा त्या गटातील भारतीयांची रांग २०१३ च्या मध्यापर्यंत नोंदलेल्या अर्जांपर्यंतच पोहोचली होती. नातीचा जन्म पुण्यातला. ती आता सतरा वर्षांची आहे आणि एकविसावे वर्ष पूर्ण होताच वडिलांच्या व्हिसावर तिला तेथे राहता येणार नाही. म्हणून मुलाने ईबी-५ चा पर्याय सुचवला आहे. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने सुरू केलेल्या या योजनेत ग्रामीण किंवा अधिक बेरोजगारीच्या भागातील प्रकल्पात आठ लाख डॉलर, आणि अन्यत्र साडेदहा लाख डॉलर गुंतवायचे असतात. त्या पैशातून किमान दहा पूर्णवेळ रोजगार निर्माण झाले, तर संपूर्ण कुटुंबाला आधी दोन वर्षांचे सशर्त आणि नंतर कायमचे ग्रीन कार्ड मिळते.

आठ लाख डॉलर म्हणजे आजच्या दराने सात कोटींच्या आसपास रक्कम होते. एवढा पैसा आमच्याकडे फक्त एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे शिरूर तालुक्यातील जमिनीत. माझ्या आजोबांनी ती कसली, वडिलांनी तिच्यात विहीर खणली. नऊ कोटी देणारा ग्राहक आहे, मात्र त्यातले तीन कोटी तो रोखीने देऊ पाहतो.

माझे मत सध्या विरोधाकडे झुकलेले आहे, आणि त्याचे कारण जमिनीची माया एवढेच नाही. या योजनेत पैसा खऱ्या अर्थाने जोखमीत असावा लागतो. मुद्दल परत देण्याची हमी कोणी दिली, तर त्या हमीमुळेच अर्ज अपात्र ठरू शकतो. सत्तरीत मी माझी सगळी पुंजी अशा ठिकाणी ठेवावी का, जेथे ती सुरक्षित असल्याचे आश्वासन घेणेही कायद्यात बसत नाही? दुसऱ्या बाजूला, नात लहानपणापासून ज्या शाळेत, ज्या मैत्रिणींत वाढली तेथून तिला उचलून आणण्याचा विचारही सहन होत नाही. कृपया दोन्ही बाजूंनी लिहावे.

प्रतिसाद (एडिसन, न्यू जर्सी)

काका, आपल्या मुलाच्या जागी मी तीन वर्षांपूर्वी होतो, त्यामुळे स्पष्ट लिहितो. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली, तर नवी शोधायला त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत घराचा हप्ता, मुलांची शाळा, गाडीचे कर्ज हे सगळे एका कागदावर टांगलेले असते. माझ्या गटातील निम्म्या लोकांची नोकरी एका शुक्रवारी गेली. त्या रात्री मी आणि पत्नीने स्वयंपाकघरात बसून कोणते सामान विकता येईल याची यादी केली होती. माझी नोकरी वाचली. तरीही ती यादी मी अजून फेकलेली नाही.

मार्च २०२२ मध्ये ईबी-५ चा कायदा सुधारला गेला. त्यातील एक तरतूद आपल्या मुलासारख्यांना फार उपयोगी आहे. जो आधीच अमेरिकेत वैध व्हिसावर आहे आणि ज्याच्या गटात रांग नाही, त्याला गुंतवणुकीच्या अर्जासोबतच ग्रीन कार्डचा अर्जही दाखल करता येतो. काही महिन्यांत काम करण्याचा स्वतंत्र परवाना आणि प्रवासाची मुभा मिळू शकते, आणि मग नोकरी गेली म्हणून देश सोडावा लागत नाही. याच कायद्याने वार्षिक व्हिसांपैकी वीस टक्के ग्रामीण प्रकल्पांसाठी, दहा टक्के अधिक बेरोजगारीच्या भागांसाठी आणि दोन टक्के पायाभूत सुविधांसाठी राखून ठेवले. अनारक्षित गटात भारतीयांची रांग लागली, पण २०२५ मध्ये या राखीव गटांत ती नव्हती. मुलांचे वय मोजताना गुंतवणुकीचा अर्ज जितके दिवस प्रलंबित राहतो तितके दिवस वजा होतात, म्हणजे नातीच्या दृष्टीनेही हाच मार्ग सर्वांत भक्कम आहे.

मुदतही ध्यानात घ्यावी. प्रादेशिक केंद्रांमार्फतची (म्हणजे अनेक गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करून प्रकल्पात लावणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांमार्फतची) ही योजना ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत मंजूर आहे, परंतु पुढे ती बंद पडली तरी अर्जावर कारवाई होईल हे संरक्षण कायद्याने ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांनाच दिले आहे. जमीन कुटुंबासाठीच राखलेली असते. कुटुंबावर वेळ आली असताना ती उपयोगी पडली नाही, तर ती राखण्याला काय अर्थ उरतो?

प्रतिसाद (पुणे, सनदी लेखापाल)

भावनेचा भाग आपण कुटुंबात ठरवाल. मी केवळ कागदांविषयी लिहितो, कारण माझ्या अनुभवात अशी प्रकरणे प्रकल्पापेक्षा पैशाच्या उगमापाशीच अधिक अडतात.

ग्राहकाची तीन कोटींची रोख आपण घेतली, तर ती या कामासाठी नसल्यासारखीच आहे. अमेरिकेचे अधिकारी प्रत्येक डॉलर कायदेशीर मार्गाने कमावला गेल्याचा पुरावा मागतात, आणि पैसा वडिलांनी दिलेला असेल तर वडिलांकडे तो कसा आला हेही दाखवावे लागते. मागील वर्षी एका कुटुंबाची फाइल मी तयार केली. त्यात चालू सातबारा, आठ अ, पन्नासच्या दशकापासूनचे सगळे फेरफार, खरेदीखत, इंडेक्स टू, बँकेचे उतारे आणि सात वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे होती, आणि या प्रत्येकाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत जोडलेले होते. एका जुन्या फेरफारात आजोबांचे नाव ‘बाळा’ आणि दुसऱ्यात ‘बाळकृष्ण’ होते. ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रे आणि दोन महिने गेले. खरेदीखतात सहा कोटी आणि खात्यावर नऊ कोटी असे झाले, तर तो अर्ज तेथेच संपतो. शिवाय अशी रोख घेणे आपल्याकडेही बेकायदा आहे.

आता पैसा बाहेर पाठवण्याविषयी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. आपण आणि काकू या दोघांनी ३१ मार्चपूर्वी एकदा आणि १ एप्रिलनंतर एकदा पाठवले, तर दहा लाख डॉलरपर्यंत पोहोचता येते. परंतु दहा लाख रुपयांवरील रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. सात कोटींवर हा आकडा सव्वा कोटीच्या वर जातो. तो विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो हे खरे, पण तोपर्यंत अडकून पडतो, आणि अमेरिकेत मात्र आठ लाख डॉलर पूर्णच भरावे लागतात. प्रकल्पाचे प्रशासकीय शुल्क आणि वकिलांची फी त्याहून वेगळी.

जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल, तर आणखी एक मार्ग आहे. तिच्यात मुलाचा जन्मसिद्ध हिस्सा असतो. विक्रीतील त्याचा वाटा थेट त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यात) जमा झाला, तर कर भरल्याचे दाखले जोडून तो वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत स्वतः बाहेर नेऊ शकतो, आणि त्याला हा टीसीएस लागत नाही. अर्थात, त्यासाठी हिस्से कागदावर स्वच्छ हवेत.

प्रतिसाद (बॉस्टन)

एडिसनच्या मित्रांची तळमळ मला समजते, तरीही मी या व्यवहाराच्या ठाम विरोधात आहे. मी राहतो तेथून उत्तरेला काही तासांवर व्हरमाँट राज्य आहे. तेथील जे पीक या स्की-केंद्राच्या नावावर सुमारे सत्तर देशांतील आठशेहून अधिक ईबी-५ गुंतवणूकदारांकडून पस्तीस कोटी डॉलरहून अधिक पैसा गोळा झाला. प्रकल्प राज्य सरकारच्या देखरेखीखालचा होता, मोठे राजकारणी छायाचित्रांत उभे होते. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने खटला भरला तेव्हा उघड झाले की एका टप्प्याचा पैसा आधीच्या टप्प्याची भोके बुजवायला आणि मालकाच्या खासगी खर्चाला वापरला जात होता. मालकाला २०२२ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. न्यूपोर्ट गावाच्या भर मध्यावर जुन्या इमारती पाडून नव्या संकुलासाठी केलेला खड्डा मी स्वतः पाहिला आहे. कुंपणाआड गवत वाढलेली ती जागा पाहताना, कोणाकोणाच्या घरची पुंजी तिच्यात गेली असेल, हेच मनात येत होते.

शिकागोत २०१३ मध्ये विमानतळाजवळच्या हॉटेल-संकुलाच्या नावाखाली असेच घडले. तेथे मुख्य रक्कम राखीव खात्यात असल्यामुळे गुंतवणूकदारांना परत मिळाली, पण शुल्काचे पैसे बहुतांशी खर्च झालेले होते, आणि ज्यासाठी ते आले होते ते ग्रीन कार्ड त्या प्रकल्पातून मिळाले नाही.

सरकारांचाही भरवसा धरू नये. कॅनडाने २०१४ मध्ये आपली गुंतवणूकदार योजना रद्द केली तेव्हा वर्षानुवर्षे रांगेत असलेले हजारो अर्ज कायद्यानेच निकाली काढले. ब्रिटनने २०२२ मध्ये, आयर्लंडने २०२३ मध्ये आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये आपापल्या योजना बंद केल्या. खुद्द अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये दहा लाख डॉलर थेट सरकारला देणगी देण्याचे ‘गोल्ड कार्ड’ जाहीर झाले. तेथे तर पैसा परत मिळण्याचा प्रश्नच नाही. नातीचे म्हणाल, तर एकविसाव्या वर्षी विद्यार्थी व्हिसा घेऊन ती शिक्षण पूर्ण करू शकते. त्यासाठी आजोबांनी निराधार होण्याची आवश्यकता नाही.

प्रतिसाद (एडिसन, न्यू जर्सी)

जे पीकचे उदाहरण योग्यच आहे, आणि २०२२ चा कायदा अशा प्रकरणांमुळेच कडक झाला. आता निधीवर स्वतंत्र प्रशासक किंवा वार्षिक लेखापरीक्षण असावे लागते, प्रकल्पस्थळी तपासणी होते, आणि केंद्र दोषी ठरले तर निर्दोष गुंतवणूकदाराला दुसऱ्या केंद्राशी जोडून घेण्याची संधी मिळते. पैसा बुडण्याचा धोका यामुळे नाहीसा होत नाही, हे मी मान्य करतो. मी स्वतः प्रकल्प निवडताना बँकेचे कर्ज आधी मंजूर झालेले, बांधकाम सुरू झालेले आणि आवश्यकतेपेक्षा बरेच अधिक रोजगार मोजलेले प्रकल्पच पाहिले. पण विद्यार्थी व्हिसा हा उपाय नव्हे, ती पुढे ढकललेली अडचण आहे. शिक्षण संपले की ती मुलगी एच-१बीच्या सोडतीत उभी राहील आणि तिच्या वडिलांनी ज्या रांगेत उमेद घालवली त्याच रांगेच्या शेपटाला लागेल.

प्रतिसाद (कोल्हापूर, वकील)

सगळी चर्चा वाचली आणि एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. काका, आपल्याला मुलगी आहे का? असेल, तर या सात कोटींत तिचे किती आहेत?

लेखापाल म्हणतात त्याप्रमाणे मुलाचा जन्मसिद्ध हिस्सा दाखवायचा असेल, तर त्याच कायद्याने मुलीचाही तितकाच हिस्सा दाखवावा लागेल. आपल्या राज्याने १९९४ मध्ये, अविवाहित मुलींपुरता का होईना, हा हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित-अविवाहित सगळ्याच मुलींना मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतची उरलीसुरली शंकाही संपवली. माझ्या कार्यालयात महिन्याला दोन-तीन तरी हक्कसोडपत्रे होतात. भाऊ परदेशातून आठ दिवसांसाठी आलेला असतो, परतीचे तिकीट काढलेले असते, आणि बहीण “दादाच्या मुलांचं भलं होऊ दे” म्हणत निबंधकाच्या कॅमेऱ्यासमोर बसते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, हे आम्हाला तिच्या चेहऱ्यावर दिसते. पुढे तिच्या घरी दुखणे-खुपणे आले की त्या सहीची आठवण कोणालाच नसते. गुंतवणुकीच्या जोखमीबद्दल येथे एवढे लिहिले गेले, पण ज्यांचा पैसा जोखमीत जातो आहे त्यांतील एका व्यक्तीला कोणी विचारलेलेच नाही.

धागाकर्ता

कोल्हापूरच्या ताईंचा प्रश्न वाचून दोन दिवस मी येथे लिहू शकलो नाही. मुलगी आहे, सांगलीला असते, शिक्षिका आहे. विषय निघाला तेव्हा ती फोनवर लगेच “मी सही करते, बाबा” म्हणाली, आणि मी ते गृहीत धरून पुढच्या हिशेबाला लागलो. ही चूक माझी आहे.

काल मुलगा, मुलगी, आम्ही दोघे असे चौघे बोललो. रोख रक्कम घ्यायची नाही हे पहिल्यांदा ठरले. सगळा व्यवहार धनादेशाने होणार असेल, तर ग्राहक आठ कोटींवर येतो, म्हणजे चार वाटे दोन-दोन कोटींचे. मुलीचे दोन कोटी विक्रीच्याच दिवशी तिच्या खात्यात जातील. आम्हा दोघांच्या चार कोटींपैकी दोन आम्ही म्हातारपणासाठी बाजूला ठेवू आणि दोन मुलाला बक्षीस देऊ. उरलेले तीन कोटी आणि शुल्क त्याला तेथील घरावर कर्ज काढून उभे करावे लागेल. स्वतःच्या मालमत्तेच्या तारणावरील कर्ज या योजनेत चालते, असे त्याच्या वकिलाने सांगितले आहे. हप्ता झेपेल का, याचा विचार करायला त्याने पंधरा दिवस मागितले आहेत. एवढे करूनही पैसा बुडू शकतो हे बॉस्टनच्या सद्गृहस्थांचे म्हणणे मला मान्य आहे, पण निदान बुडणारा पैसा ज्याने धोका पत्करायचे ठरवले त्याचाच असेल.

मुलगी मात्र शेवटी एवढेच म्हणाली की विहिरीजवळची वीस गुंठे विकू नका, तिच्या वाटणीतून वजा करा. सोमवारी मी शिरूरला जाऊन तलाठ्यांकडून जुने फेरफार मागवतो आहे. मोजणीचा अर्जही त्याच दिवशी देईन.