डिक्कीवरचा कंपनी फिटिंग स्पॉयलर काढायचा आहे, खालच्या भोकांचं काय करू?

पांदण_रस्ता:

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. गाडी २०१४ ची छोटी हॅचबॅक, पेट्रोल, सिल्वर कलर, टॉप मॉडल होतं म्हणून मागे वायपर आहे आणि डिक्कीच्या वर कंपनीतूनच आलेला स्पॉयलर, त्याच्यातच मधोमध तो तिसरा ब्रेक लाईट. गाडी घराच्या बाजूला टिनाच्या शेडखाली उभी असते आणि उन्हाळा लागला की आमच्या गावात वांदरं लय येतात, जंगलात पाणी राहत नाही तर कळपच्या कळप गावात, टिनावरून उडी मारली की सरळ गाडीवर. मार्चमधे एक मोठा हुप्प्या नेमका स्पॉयलरवर पडला, डावा कोपरा तडकला आणि ती बाजू वर उचलल्या गेली, आता बोट जाते त्याच्याखाली. पांदणीनं वावरात नेली की नुसता खडखड आवाज.

आवाजाचं मी सहन केलं असतं पण एप्रिलमधे अवकाळी पाऊस आला तर डिक्कीतला गालिचा डाव्या अंगानं ओला. म्हणजे पाणी तिथूनच उतरून राहिलं ना? जून डोक्यावर आहे.

एका गॅरेजवाल्याला दाखवली, तो म्हणे पूर्ण डिक्कीचं दारच बदला आणि गाडी ५-६ दिवस ठेवा. ते मला जमत नाही, बाबांना डायलिसिससाठी आठवड्यातून २ दा यवतमाळला न्यावं लागते आणि एसटीनं ते आता जाऊ शकत नाहीत. म्हणून घरीच काढायचा विचार आहे, मामाचा पोरगा मदतीला आहे. तो स्पॉयलर कशाकशानं धरलेला असते, काढताना मागची काच तर नाही फुटणार, भोकं कशानं बंद करू, आणि ब्रेक लाईटचं काय? पोलीस आरटीओवाले धरतील का हेही सांगा.

हिंगणघाट_३२:

मॉडल लिहिलं नाही भाऊ पण या सगळ्या छोट्या गाड्यांचं जवळपास सारखंच असते, नट तेवढे कमीजास्त. मी माझ्या आणि भाच्याच्या गाडीचा काढला आहे म्हणून सांगतो.

तीन गोष्टी धरून ठेवतात त्याला. एक म्हणजे स्पॉयलरच्या आतून निघालेले बोल्ट, ते डिक्कीच्या पत्र्यातून आत येतात आणि आतून नट असतात, बहुतेक १० नंबरचा पाना लागतो. दुसरं प्लास्टिकच्या क्लिपा. आणि तिसरं म्हणजे दोन्ही टोकांना जाड फोमची डबल साईड टेप, खरा जोर तिचाच असते, नट निघाले तरी स्पॉयलर हलत नाही आणि माणसाला वाटते अजून कुठं नट राहिला, मग तो पेचकस घालून उचकतो आणि पत्रा दाबतो किंवा काचेवर घसरते. पेचकस हातातच घेऊ नको.

डिक्की उघड, आतलं वरचं प्लास्टिकचं पॅड काढ, ते नुसतं क्लिपांवर असते, हळूहळू एका कोपऱ्यापासून. तिथं रबरी टोप्या दिसतील, त्या काढल्या की नट. ते काढायच्या आधी ब्रेक लाईटचा कनेक्टर सोडव आणि मागच्या वॉशरचा बारीक पाईप स्पॉयलरकडे जात असेल तर तोही. बऱ्याच गाड्यांत वॉशरचं तोंड स्पॉयलरमधेच असते, हे ध्यानात न घेता ओढला की पाईप तुटून आत जाते आणि मग छताचं कापड खोलत बसा.

टेपसाठी मच्छी पकडायच्या गरीची तंगूस घे, जाड वाली. दोन्ही टोकांना काडी बांध आणि तू एका अंगानं मामाचा पोरगा दुसऱ्या अंगानं, करवतीसारखी ओढत न्या. चारही बाजूंनी पेंटवर मास्किंग टेप लावून घ्या आधी. लोक हेअर ड्रायर मारा म्हणतात पण आपल्याकडं मे महिन्यात दुपारी ३ वाजता गाडी तासभर उन्हात उभी केली की टेप तशीच नरम होते, लाईनची वाट पाहायचं कामच नाही. फक्त हातात मोजे घाला, पत्रा चटके देते.

मांजा वापरायचं मनातही आणू नका. त्याच्यावर काचेचा चुरा असते, पेंट कापून टाकते, आणि नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची देशभर बंदीच आहे.

डेंटर_बडनेरा:

भाऊनं काढाचं बराबर सांगतलं, पन काढनं हे सोपं काम हाय, दादा. माह्याकडं ज्या गाड्या येतात त्या काढल्यावर ६ मयन्यानं येतात, भोकाच्या भवती गंज धरून. भोकाकडं ध्यान दे.

पयले सांग, भोकं कंपनीनं पाडेल हायेत का कोनं शोरूममधी ड्रिल मारून पाडेल? तू म्हनतं कंपनीतून आलेला, तं मंग भोकाच्या कडेवर पेंट असन, गंज कमी धरते. तरी नट काढतानी खरचटलं असन त पयले बारीक पॉलिश पेपर मार, प्रायमर लाव, वाळू दे, मंगच भोक बंद कर. प्रायमर न लावता बुच मारलं तं आत गंज चालूच रायते, बाहीरून दिसत नाई.

बंद कराले रबरी ग्रोमेट म्हंजे बुच भेटते, भोकाच्या मापाचं. अंदाजानं आनू नोको, भोक मोजून आन, ढिलं बसलं तं काहीच कामाचं नाई. त्याच्या काठाले पीयू सीलंट लावजो, जे काच बसवाले वापरतात ते. घरी बाथरूमचं सिलिकॉन पडेल असते अन् लोकं तेच भरतात, त्यातलं जे आंबट वास मारते ना ते पत्र्याले अजिबात लावू नोको, वाळतानी त्याच्यातून ॲसिड निंगते अन् पत्रा खाते. मी असं पाह्यलं हाय का बुच जाग्यावर अन् भवतालचा पत्रा पापडासारखा. एमसील बी नोको. आपल्या उन्हात पत्रा फुगते, रातच्यान आकसते, डिक्की धाडकन लावली का हादरा बसते, एमसील तडकते अन् त्या बारीक तडीतून पानी ओढते.

वेल्डिंग मारून कायमचं बंद करता येते, पन डिक्कीचा पत्रा लय पतला, गॅस वेल्डिंगनं तं वाकडाच होते, एमआयजीनं थोडं थोडं करून माराव लागते, काच अन् वायरिंग काढाव लागते, बॅटरीची तार सोडाव लागते, अन् मंग पुरी डिक्की पेंट. ५-६ दिवस तुले कोनं सांगतले असतीन त ते यासाठीच. बाबाचं डायलिसिस चालू हाय तवरीक ग्रोमेटच कर. दवाखान्याचं सरलं अन् सवड भेटली का मंग पाहू.

टेपचा चिकटा थिनरनं काढू नोको, पेंट उडन. अंगठ्यानं घासून घासून जेवढा निंगन तेवढा काढ अन् उरलेल्याले फडक्यावर थोडं पेट्रोल, बिडी-आगपेटी दूर ठेवून. खालचा कलर जास्त चमकते तो डाग म्हनून घाबरू नोको, तेवढ्या जागेनं १० वर्स ऊन पाह्यलं नाई. रबिंग कंपाऊंड मारलं का फरक बराच कमी होते.

सेलू_वर्धा_रोज:

डेंटर दादा म्हणतात ते मी भोगलंय म्हणून लिहिते. मी रोज ३५ किमी शाळेत जाते-येते. माझ्या गाडीचा स्पॉयलर काढला तेव्हा भोकांना वरून नुसती चिकटपट्टी लावली होती आणि पावसाळाभर मला काही कळलंच नाही. दिवाळीत पंक्चर झालं तेव्हा स्टेपनी काढली तर चाकाच्या खड्ड्यात ४ बोटं पाणी, जॅक गंजून जाम, पाना गंजलेला, आणि रस्त्यात मी एकटी. एक ट्रॅक्टरवाले काका थांबले म्हणून निभावलं.

नंतर समजलं की पाणी भोकातून आधी डिक्कीच्या दाराच्या पोकळीत जातं. दाराच्या तळाशी पाणी निघायला बारीक छिद्रं असतात, आपल्या काळ्या मातीची धूळ बसून ती बुजतात. मग पाणी तिथेच साचतं, दार उघडलं की बदाबदा आत पडतं, आणि वायपरची मोटर आणि डिक्कीचं लॉक दोन्ही त्याच पोकळीत असतात. दादा, तुमची ती छिद्रं काडी घालून आजच मोकळी करा, स्पॉयलर काढायच्या आधीच. आणि स्टेपनी उचलून पहा, एप्रिलचं पाणी अजून तिथे असू शकतं, गालिचा वरून वाळतो आणि खाली पाणी तसंच राहतं.

ब्रेक लाईटचं पण सांगते. तो कनेक्टर उघडा सोडू नका. बहुतेक गाड्यांत तिन्ही ब्रेक लाईट एकाच फ्यूजवर असतात, तिसऱ्याच्या वायरीत पाणी जाऊन शॉर्ट झालं की फ्यूज उडतो आणि खालचे दोन्हीही बंद, आणि चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. डायलिसिसहून परतताना अंधार होत असेल ना तुम्हाला? बंड्या, ट्रॅक्टर, मागून कापसाचे ट्रक. तिसरा लाईट डोळ्याच्या उंचीवर असतो, मागच्याला तोच आधी दिसतो. काचेच्या आतून लागणारा एलईडी वाला मिळतो तो त्याच वायरीला जोडून घ्या, पण काढलाच आहे तर असू दे म्हणून सोडू नका.

समृद्धी_१२०:

एक विचारतो, स्पॉयलर काढल्यावर ॲव्हरेज कमी होते का? कंपनीनं काही विचार करूनच दिला असेल ना.

हिंगणघाट_३२:

विचार करूनच देते. हॅचबॅकचं छत मागे एकदम तुटते, तिथं हवा सुटते आणि गाडीच्या मागे पोकळी तयार होते, ती गाडीला मागे ओढते आणि धूळही तिच्यातच फिरते, म्हणून तर या गाड्यांची मागची काच इतकी माखते. स्पॉयलर छताला थोडं लांब करते, हवा जरा नीट सुटते. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढते, ६० ला जेवढा त्याच्या चौपट १२० ला. तू समृद्धीवर नागपूरहून १२० नं निघाला तर कुठं थोडाफार फरक पडेल. दारव्हा ते यवतमाळ ५०-६० नं जाणाऱ्याला काही समजणार नाही, काच थोडी जास्त मळेल एवढंच. मागचा वायपर चालू राहू दे.

आणि पोलिसांचं राहूनच गेलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे बदलांचं, ते आरसीवर नोंद असलेल्या गोष्टींबद्दल. स्पॉयलर आरसीवर लिहिलेला नसते. कलरची मात्र नोंद असते, तर पुढं पेंट करशील तेव्हा सिल्वरच ठेव. इन्शुरन्स फुल असला तरी एवढ्याशासाठी क्लेम करू नको, नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर गेला असेल तर तो जाते आणि पुढच्या वर्षी हप्ताच जास्त बसते.

पांदण_रस्ता:

झालं मंडळी. सगळं लिहितो, पुढं कोणाला लागलं तर.

ताई, आधी स्टेपनीच उचलली. पाणी होतं, दोन बोटं. जॅकवर नुसती तांबूस झाक आली होती, घासून तेल लावलं. दाराच्या तळाची छिद्रं दोन्ही बुजली होती, बाभळीचा काटा घालून मोकळी केली तर अर्धा ग्लास काळं पाणी निघालं. तुम्ही लिहिलं नसतं तर मी तिकडं पाहिलंच नसतं.

मग शनिवारी दुपारी गाडी उन्हात लावली, यवतमाळला ४४ दाखवत होतं. पॅड निघालं, कनेक्टर आणि पाईप सोडवला. चारपैकी तीन नट सरळ निघाले, डावीकडचा मात्र नुसता फिरे, वांदराच्या धक्क्यानं बोल्टच प्लास्टिकमधून सुटला होता. तासभर त्याच्यातच गेला. शेवटी मामाच्या पोरानं तडकलेल्या बाजूनं आत पक्कड घालून बोल्टचं डोकं धरलं आणि मी आतून नट फिरवला. तंगूस मात्र एकदम लोण्यासारखी गेली, दहा मिनिटात दोन्ही टोकं मोकळी. स्पॉयलर उलटा केला तर आत कुंभारीण माशीची मातीची घरं, पाच-सहा, पाण्यानं त्यांचा चिखल होऊन भोकाजवळच बसला होता. ओल तिथं टिकत होती ती त्याच्यानंच.

डावीकडच्या एका भोकाला गंज लागला होता, चवलीएवढा. पेपर, प्रायमर, रातभर वाळू दिलं. ग्रोमेट दारव्ह्यात मापाचे नाही भेटले, सोमवारी बाबांना यवतमाळला नेलं तेव्हा ते आत असताना दुकानं फिरून आणले, सीलंटही. तोपर्यंत भोकांवर पॉलिथिन आणि मास्किंग टेप. वॉशरच्या पाईपाला बुच लावून बांधला, नाहीतर कोणी चुकून वॉशर दाबलं की पाणी आत. ब्रेक लाईट काचेच्या आतून बसवला, पोराला मागे उभं करून ब्रेक दाबून पाहिला, तिन्ही लागतात.

शेवटी मामाच्या पोराला मोबाईलचा टॉर्च देऊन डिक्कीत बसवलं, दार लावलं आणि वरून ८ बादल्या ओतल्या. डाव्या भोकातून एक थेंब आला. तेवढं ग्रोमेट काढून सीलंट परत भरलं, दुसऱ्या दिवशी परत बादल्या, कोरडं. काल पहिला जोराचा पाऊस झाला, दीड तास, सकाळी गालिचा उचलून हात फिरवला, कोरडा. बाबा मागं टेकून झोपून आले दवाखान्यातून, खडखड नाही काही नाही.

डेंटर_बडनेरा:

लय चांगलं केलं दादा. डाव्या ग्रोमेटच्या भवती जो गंज होता तो पोळ्याच्या टायमाले एकडाव पॅड काढून आतून पाह्यजो, बोट फिरवजो, खरखर लागली तं परत पेपर मारून प्रायमर. अन् शेडच्या टिनावर बोराटी टाकून ठेव, वांदरं तिथून उडी माराचं टाळतात.