बेल्जियन ब्लाँड: चाखून मार्क नेमके कसे द्यायचे?

माल्टमित्र

मंडळी, सल्ला हवाय. आम्ही सहा जण चार ब्लाँड (बेल्जियन धाटणीच्या सोनेरी बिअर) शेजारी शेजारी ठेवून चाखणार आहोत. लेफ, आफ्लिगेम, ला ट्राप आणि एका छोट्या क्राफ्ट ब्रुअरीची बेल्जियन धाटणीची ब्लाँड. पहिल्या तिन्ही ६.५ ते ६.७ टक्क्यांच्या, क्राफ्टवालीच्या लेबलवर ७ टक्के लिहिलंय. प्रत्येकीच्या ३३० मिलीच्या दोन-दोन बाटल्या आहेत.

अडचणी अशा:

१. दहापैकी मार्क दिले की सगळे आकडे ७ आणि ८ वर येऊन बसतात. कोणती बिअर कशात सरस, हे कागदावर उमटतच नाही.
२. केळ्याचा वास आला तर मार्क वाढवायचे की कापायचे?
३. तळाशी बसलेलं यीस्ट ग्लासात घ्यायचं की बाटलीतच ठेवायचं?
४. फ्रीजमधून काढून लगेच प्यायची की थांबायचं?

---

नाकपुडी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

सात-आठवर गर्दी होते, कारण त्या एका आकड्यात दोन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात: बिअर मला आवडली का, आणि ब्लाँड म्हणून ती कशी उतरली आहे. हे दोन रकाने वेगळे करा. ‘आवड’ दहापैकी, ज्याची त्याने द्यावी, त्यावर वाद नको. दुसऱ्या रकान्यासाठी बीजेसीपी या बिअर-परीक्षक तयार करणाऱ्या संस्थेचा ५० मार्कांचा तक्ता घ्या: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण छाप १०. रूपाला फक्त ३ आहेत हे मुद्दाम लक्षात ठेवा. सुंदर फेस बघून हरखलेला माणूस नकळत चवीचेही मार्क वाढवतो.

या तक्त्यात ३८ ते ४४ म्हणजे उत्कृष्ट, ३० ते ३७ म्हणजे चांगली पण बारीकसारीक उणिवा असलेली, २१ ते २९ म्हणजे शैली हुकलेली किंवा दोष जाणवणारी. ४५ च्या वर क्वचित जावं.

आता ‘ब्लाँड म्हणून’ म्हणजे काय? बीजेसीपीच्याच बिअर-शैलींच्या मार्गदर्शिकेत ६ ते ७.५ टक्के अल्कोहोल, कडूपणा १५ ते ३० आयबीयू, रंग ४ ते ६ एसआरएम म्हणजे फिकट ते गडद सोनेरी, आणि पांढरा दाट फेस असं वर्णन आहे. वासात माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) हलका मधाळपणा, संत्र-लिंबू किंवा नाशपातीसारखं फळ, मागे मिरी-लवंगेची पुसट झाक. घोट सुरू होताना गोडसर, पण संपताना कोरडा. हा शेवटचा कोरडेपणा माझ्या मते सगळ्यात निर्णायक. तो नसेल तर वास कितीही देखणा असो, दुसरा ग्लास जड जातो.

अर्थात मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हे. वेस्टव्लेटेरेन या बेल्जियन मठाची ब्लाँड ५.८ टक्क्यांची आहे, म्हणून तिचे मार्क कापायला बसणं शहाणपणाचं नाही.

लिहिण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. ओतल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात, घोट न घेता, वास टिपा. सुटणारा गॅस नाजूक वास सोबत घेऊन जातो, ते नंतर परत मिळत नाहीत. आधी शब्द लिहा, मग आकडा. ‘छान’ आणि ‘स्मूथ’ या शब्दांवर बंदी घाला. सगळ्यांचे कागद पालथे पडेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. एकाने ‘केळं!’ म्हटलं की बाकीच्या पाचांनाही केळंच येतं.

---

तळचा_गाळ

३ आणि ४ एकत्र घेतो, कारण दोन्हीचं मूळ ओतण्यात आहे.

आधी बाटली उजेडासमोर धरून तळ बघा. गाळ नसेल तर ती गाळलेली बिअर, सरळ ओता. तळाशी फिकट थर असेल तर बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली आहे. ती किमान २४ तास, जमलं तर ४८ तास, फ्रीजमध्ये उभी ठेवा. आडवी ठेवलीत तर यीस्ट बाजूला बसतं आणि बाटली उचलताच ढवळून निघतं.

सहा जणांत ओतताना हमखास होणारी गफलत: एक ग्लास भरला, बाटली सरळ केली, दुसरा भरला, पुन्हा सरळ केली. प्रत्येक वेळी बाटली सरळ करताना आत लाट उसळते आणि तळ उठतो. पहिला ग्लास स्वच्छ, सहावा गढूळ. गढूळ ग्लासात पावासारखी, कणकेसारखी चव येते, कोरडेपणा झाकला जातो, कधी जिभेवर तुरट कडवटपणा राहतो. म्हणजे सहा जणांनी एकच बिअर चाखलेलीच नसते आणि नंतर भांडण मात्र मार्कांवरून होतं.

उपाय: थंड, स्वच्छ जगमध्ये एकाच तिरप्या धारेत हळू ओता, शेवटचे २० ते २५ मिली बाटलीत सोडा, मग जगमधून सहा ग्लासांत वाटा. थोडा गॅस जातो, पण सगळ्यांचा सारखाच जातो. फेसाचे मार्क देण्यासाठी एक ग्लास दुसऱ्या बाटलीतून थेट ओतून सगळ्यांनी बघायचा. उरलेला गाळ फेकू नका. मार्क देऊन झाल्यावर तोच थोड्या बिअरमध्ये मिसळून वेगळा चाखा, फरक लगेच कळेल.

हिशोब: ३३० मधून गाळ वजा जाता ३०० मिली, म्हणजे माणशी ५० मिली. वास, चव, पोत आणि पुन्हा एकदा चव, एवढ्याला ते कमी पडतं. दोन्ही बाटल्या वापरा, माणशी ८० ते ९० मिली येईल. मात्र दुसरी उघडल्यावर आधी वास घेऊन बघा. दोन बाटल्या वेगळ्या लागल्या तर त्या जगमध्ये एकत्र करू नका, आणि ‘बाटल्यांत फरक’ अशी नोंद करा.

तापमान: फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो. त्या थंडाव्यात फळांचे वास उडतच नाहीत आणि दोषही लपतात. जगमध्ये थर्मामीटर बुडवा, ७ अंशांच्या आसपास वाटायला घ्या. पहिले मार्क तेव्हा द्या, मग ग्लास १२ अंशांपर्यंत गेल्यावर पुन्हा वास घ्या. चांगली ब्लाँड तेव्हा फुलते. डळमळीत बिअर तेव्हा नुसती गोड आणि अल्कोहोलची गरम होते.

ग्लास ट्युलिपच्या आकाराचे, नसतील तर वाइनचे. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, जिथे चिकटत नाही तिथे तेलाचा अंश आहे. ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तरी तेच समजा. तेलकट ग्लासात फेस लगेच विरतो आणि दोष बिअरला लागतो.

---

आंबवण

केळ्याबद्दल. केळं हा गुण की दोष हे त्याच्या प्रमाणावर ठरतं, आणि त्याच्यासोबत आणखी काय येतंय यावर.

केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा (फळांसारखा वास देणाऱ्या संयुगाचा). बेल्जियन यीस्ट तो थोडाफार बनवणारच. संत्र, नाशपाती यांच्या मागे हलकं केळं असेल तर मार्क कापू नका. ग्लास नाकाशी नेताच केळ्याशिवाय काही सुचत नसेल तर ती ब्लाँडपेक्षा जर्मन गव्हाच्या बिअरकडे झुकली आहे, वासाचे दोन-तीन मार्क जावेत. केळ्याबरोबर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झोंबणारा वास आला तर तो एथिल अ‍ॅसिटेट, आणि तो उघड दोष. यीस्ट कमी टाकलं किंवा पहिले दोन दिवस तापमान फार चढू दिलं की एस्टर आणि घसा जाळणारी जड अल्कोहोल दोन्ही वाढतात. म्हणून अशी बिअर बनवताना १८ अंशांच्या आसपास सुरुवात करून, जोर ओसरू लागल्यावर २२ ते २४ पर्यंत चढू देण्याची पद्धत आहे.

लवंग-मिरीचा वास फिनॉलचा, मुख्यतः फोर-व्हिनिल ग्वायाकॉलचा. माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून तो काही विशिष्ट यीस्टच तयार करतात. ब्लाँडमध्ये तो मागच्या रांगेत हवा. औषधी, बँडेजसारखा झाला की समजा, फिनॉल क्लोरीनशी भिडलं आहे किंवा रानटी यीस्ट घुसलं आहे.

उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डीएमएस. ब्लाँडचा पाया पिल्सनर या फिकट माल्टचा असतो आणि त्यात याचं मूळ द्रव्य जास्त. उकळताना झाकण ठेवलं किंवा उकळी कमी वेळ दिली तर ते उरतं. लोणी किंवा बटर पॉपकॉर्न म्हणजे डायअ‍ॅसिटिल. ते यीस्ट स्वतःच शेवटी परत शोषून घेतं, पण घाईने थंड केलं तर राहून जातं. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास असेल तर अ‍ॅसिटाल्डिहाइड, तेही बहुधा घाईचंच लक्षण.

मधाबाबत सावध राहा. ताज्या माल्टचा मध हलका आणि स्वच्छ असतो. मध जड झाला आणि मागे ओला पुठ्ठा आला तर बिअर ऑक्सिजनने म्हातारी झाली आहे. साडेसहा टक्क्यांची ब्लाँड जपून ठेवण्याची बिअर नाही, तारीख बघून ताजी घ्या. उग्र, रबर जळाल्यासारखा वास आला तर बाटलीला ऊन लागलंय. प्रकाशात हॉप्सची (बिअरमध्ये कडूपणासाठी घालतात त्या फुलांची) कडू द्रव्यं फुटून गंधकाचं संयुग बनतं. हिरवी आणि पांढरी काच यापासून फारसं वाचवत नाही, तपकिरी बऱ्यापैकी वाचवते.

आता वर ज्या कोरडेपणाचा उल्लेख झाला, त्याचं गणित. समजा दोन बिअरची आंबण्याआधीची घनता १.०६५ (पाण्याची १; विरघळलेल्या साखरेमुळे ती जास्त असते). आंबून झाल्यावर एक १.०१० वर थांबली, दुसरी १.०१६ वर. पहिलीत सुमारे ७.२ टक्के, दुसरीत सुमारे ६.४ टक्के अल्कोहोल होतं. कागदावर दोन्ही ब्लाँडच, पण पहिली सुटसुटीत, दुसरी गोड आणि जड. बेल्जियन ब्रुअर साखर घालतात ती यासाठी: यीस्ट ती पूर्ण खातं, अल्कोहोल वाढतं आणि अंग हलकं राहतं. साखरेने बिअर गोड होते हा समज अगदी उलटा आहे. तुमची ७ टक्केवाली क्राफ्ट बिअर तिघींपेक्षा कोरडी लागली तर नवल वाटू देऊ नका, आणि ती ‘पातळ’ आहे म्हणून लगेच मार्कही कापू नका.

बाटली उघडताच फेस उसळून वाहू लागला आणि चव आंबट किंवा पाणचट-मसालेदार असेल, तर मात्र संसर्गाचा संशय घ्या.

---

माल्टमित्र

फारच उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. दोन शंका उरल्या. ओतणाऱ्यालाही मार्क द्यायचे असतील तर लेबल लपवायचं कसं? आणि एकाने बाकीच्यांपेक्षा फारच कमी मार्क दिले तर ते धरायचे की सोडायचे?

---

शेवटचा_घोट

लेबल दोन टप्प्यांत लपवा. पहिला माणूस आत बाटल्या उघडून चार जगमध्ये ओततो, जगना क, ख, ग, घ नावं देतो आणि यादी खिशात ठेवतो. मग तो बाहेर. दुसरा आत जाऊन त्या अक्षरांना तीन आकडी संख्या देतो, जसं ४१७, ८५२, २९३, ६३८, आणि ग्लास भरतो. बिअर माहीत असलेल्याला संख्या माहीत नाहीत, संख्या माहीत असलेल्याला बिअर माहीत नाही. १, २, ३ असे नंबर टाळा, पहिल्या नंबराला उगाच मान मिळतो.

क्रमाचाही परिणाम होतो. पहिल्या ग्लासाला जीभ ताजी असते आणि माणूस उदार असतो. म्हणून सुरुवातीला मार्क न देण्याची एक साधी फिकट बिअर थोडी थोडी प्या. नंतर तिघांनी छोट्या संख्येपासून मोठ्या संख्येपर्यंत या क्रमाने जावं, तिघांनी बरोबर उलट्या. चारही बिअर जवळपास सारख्याच ताकदीच्या असल्याने हे चालतं. कोणी ८.५ टक्क्यांची डुव्हेल किंवा ९.५ टक्क्यांची वेस्टमाल ट्रिपेल आणली तर ती शेवटी, मार्कांच्या बाहेर. त्यांचा वर्गच वेगळा आहे. (ला ट्राप तशी बेल्जियमची नाही, नेदरलँड्समधल्या टिलबर्गजवळच्या मठाची आहे, पण ब्लाँड म्हणून ती या रांगेत बसते.)

मधे साधं पाणी आणि साधा पाव. तिखट, कॉफी, पुदिन्याच्या गोळ्या आणि अत्तर त्या दिवशी नको. चार बिअर ८० मिलीप्रमाणे म्हणजे माणशी २१ मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल होतं, त्यामुळे नंतर कोणी गाडी चालवायची नाही.

कमी मार्कांचं म्हणाल तर सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या. समजा मार्क ३९, ३८, ३७, ३६, ३५ आणि २२ आले. सरासरी ३४.५ येते, मधला आकडा ३६.५ (मधल्या ३७ आणि ३६ च्या बरोबर मधे). एका माणसामुळे निकाल घसरत नाही.

---

नाकपुडी

मधला आकडा ठीक, पण तो काढून २२ वाल्याला गप्प बसवू नका. डायअ‍ॅसिटिल काहींना अगदी थोडं असलं तरी जाणवतं, काहींना भरपूर असूनही नाही. सहांत तो एकटाच बरोबर असू शकतो. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत ७ पेक्षा जास्त अंतर पडलं की थांबा, त्याच्याकडून दोष नावानिशी सांगून घ्या, ग्लास हाताने झाकून गरम करा, हलवा आणि सगळ्यांनी पुन्हा वास घ्या. आणखी कोणाला आलं तर त्यांनी मार्क बदलावेत. कोणालाच नाही आलं तर त्याचा २२ तसाच राहू द्या, शेजारी कारण लिहा.

---

शेवटचा_घोट

मान्य, कारण लिहिणं हवंच. एक भर घालतो: दोन बिअरचे मार्क अगदी चिकटून आले आणि वाद सुरू झाला तर त्रिकोणी चाचणी करा. प्रत्येकाला तीन ग्लास, दोनांत एक बिअर, एकात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एक बरोबर येतोच. त्यामुळे सहांपैकी किमान पाच जणांनी बरोबर ओळखलं तरच फरक खरा धरा. नुसत्या अंदाजाने चार किंवा अधिक जण बरोबर येण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते, म्हणून चौघांनीच ओळखलं तर ते पुरेसं नाही. अशा वेळी दोघींना एकाच क्रमांकावर ठेवा. या चाचणीसाठी त्या दोन बिअरच्या एकेक बाटल्या जास्तीच्या आणून ठेवा, उरलेल्या थेंबांवर ती होत नाही.