बगॅसच्या राखेचं सिलिकॉन: धुताना ठिणग्या, १५ सायकलमध्ये सेल बसतो

नांदेडकर_इलेक्ट्रोड:
साखर कारखान्याच्या बॉयलरमधल्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) राखेतून कॉस्टिक सोड्यानं सिलिका काढली. ती मॅग्नेशियम घालून स्टीलच्या डबीत, आर्गॉनखाली ७०० अंशांवर तापवली. हायड्रोक्लोरिक आम्लात धुताना फटफट आवाज होऊन ठिणग्या उडतात. अ‍ॅनोड (लिथियम-आयन सेलचा ऋण इलेक्ट्रोड) म्हणून लावलं तर क्षमता १५व्या सायकललाच (चार्ज-डिस्चार्जच्या फेरीला) निम्म्याखाली. बाइंडर (पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ) पीव्हीडीएफ; सिलिकॉन, कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी काजळी), बाइंडर ८०:१०:१०. कुठं चुकतंय?

भट्टीवाला_लातूर:
आधी धुणं थांबवा. तो सिलेन वायू आहे. मॅग्नेशियम जास्त झालं किंवा नीट मिसळलं नाही की मॅग्नेशियम सिलिसाइड बनतं. त्यावर आम्ल पडलं की सिलेन सुटून हवेत पेटतो. एक्सआरडीत (क्ष-किरण चाचणीत) ४०.१ अंशांजवळ शिखर आहे का बघा.

१ ग्रॅम सिलिकेला ०.८ ग्रॅम मॅग्नेशियम, बस्स. त्यात लॅबचं कोरडं मीठ १० ग्रॅम टाकून खलात घोटा. ही अभिक्रिया स्वतःच एवढी तापते की भट्टीवर ७०० दिसत असतानाच आत सिलिकॉनचे गोळे होतात, नॅनो छिद्रं बुजतात. मीठ ८०१ अंशांना वितळताना ती उष्णता पिऊन घेतं. ६५० पुरे, चढ मिनिटाला ५ अंश. मधेच लाइट गेली तरी डबी गार होईपर्यंत आर्गॉन बंद करू नका.

धुणं फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात): १ मोलर आम्ल बर्फात ठेवून चिमूट चिमूट पूड. शेवटी डिस्टिल्ड पाणी. आपल्याकडचं बोअरचं चालायचं नाही.

स्लरी_मास्तर:
सेल बसतोय तो बाइंडरमुळं. लिथियम घेताना सिलिकॉनचं आकारमान जवळपास चौपट होतं, पीव्हीडीएफ ते धरून ठेवत नाही. कण १५० नॅनोमीटरखाली असले तर सहसा तडकत नाहीत, पण फुगण्या-आक्रसण्यात एसईआयचा (इलेक्ट्रोलाइटपासून कणांवर बनणारा) थर फाटतो, पुन्हा बनतो आणि दरवेळी लिथियम खातो.

सिलिकॉन, कार्बन ब्लॅक, सीएमसी (सेल्युलोजपासूनचा बाइंडर) ६०:२०:२० घ्या. पीएच ३च्या सायट्रिक बफरमध्ये कालवा, निर्वातात १५० अंशांवर वाळवा. सीएमसी सिलिकॉनच्या पृष्ठभागाशी बंध धरतं. इलेक्ट्रोलाइटमध्ये १० टक्के एफईसी (फ्लुओरोएथिलीन कार्बोनेट). थर पातळच ठेवा, जाड थर तांब्यावरून पापडासारखा सुटतो.

नांदेडकर_इलेक्ट्रोड:
उरलेली सिलिका काढायला एचएफ (हायड्रोफ्लुओरिक आम्ल) वापरू का, सर?

भट्टीवाला_लातूर:
कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (एचएफनं भाजल्यावर लावायचं) हाताशी नसेल तर बाटलीला हातही लावू नका. राहिली थोडी सिलिका तर क्षमता जरा कमी भरेल, एवढंच.