पारोड्याच्या पर्वतावर पहाटे पायथ्यापेक्षा ऊब का जाणवते?

प्रश्न : मडगावचा पायी

गेले दोन हिवाळे मी बहुतेक रविवारी पहाटे एकटाच पारोड्याचा पर्वत चढतो. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की चंद्रनाथाचा हा डोंगर मडगावाहून फार दूर नाही. उंची सुमारे 350 मीटर, माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ, पायथ्याशी कुशावती. पर्यटनाच्या हंगामात सगळा गोवा किनाऱ्याकडे धावतो, त्यामुळे इकडे उजाडण्यापूर्वी सहसा कोणी भेटत नाही, आणि मला तेच हवे असते.

गेल्या रविवारी मोटारसायकल खाली लावली तेव्हा बोटे बधिर झाली होती आणि दहा मिनिटांत आसनावर इतके दव साचले, की पुसलेले फडके पिळावे लागले. अर्धा चढ संपल्यावर मात्र स्वेटर नकोसा झाला. चढण्याच्या श्रमाने तसे वाटत असावे म्हणून माथ्यावर एका दगडावर अर्धा तास मुद्दाम स्वस्थ बसून राहिलो, घाम सुकला, तरी थंडी काही परतली नाही. दगडही हाताला कोरडाच लागत होता. खाली सासष्टीची, म्हणजे मडगावाभोवतालच्या तालुक्यातली, शेते धुक्यात बुडालेली होती आणि माडांचे शेंडे तेवढे वर दिसत होते. उंची वाढली की तापमान उतरते, हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी, असे आपण शाळेत शिकलो. मग इथे उलटे का?

उत्तर : निवृत्त भूगोल शिक्षक

शाळेत शिकलात ते खोटे नाही, पण ते सर्वसाधारण हवेविषयी आहे. निरभ्र आणि निवांत रात्रीचा हिशेब वेगळा असतो. आकाशात ढगांचे पांघरूण नसले म्हणजे जमीन दिवसभर घेतलेली उष्णता रात्री झपाट्याने बाहेर टाकते आणि तिला टेकलेला हवेचा थर तिच्याबरोबर गार होतो. गार हवा जड असल्यामुळे ती उतारावरून पाण्यासारखी खाली ओघळत जाऊन दरीच्या तळाशी साचते, आणि तिच्यावरची उबदार हवा झाकणासारखी पसरते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. आपण पहाटे मोटारसायकल लावता ती जागा या साचलेल्या थंडीच्या तळाशी आहे, आणि देऊळ बहुधा तिच्या काठाच्या वर.

धुक्याचेही तेच. गार हवेत बाष्प कमी मावते, आणि कुशावतीकाठी बाष्पाला तोटा नाही. माथ्यावर हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे बाष्पाचे दव होऊ लागते त्या तापमानापर्यंत, उतरतच नाही, म्हणून दगड कोरडा राहिला. विद्यार्थ्यांना मी एक सोपी खूण सांगत असे : पहाटे वाड्यावरच्या चुलीचा धूर पाहावा. तो सरळ वर चढतो आणि एका विशिष्ट उंचीवर कोणी हाताने दाबल्यासारखा आडवा पसरतो. ते झाकण तिथे आहे असे समजावे. पुढच्या खेपेला आपण माथ्यावरून खाली पाहाल तेव्हा हा पट्टा शोधून पाहा.

उत्तर : कुळागरवाला

मास्तरांनी सांगितले ते आम्ही पुस्तकावाचून जाणतो. माझे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, डोंगराच्या कुशीत सखल जागी आहे आणि काजू वरच्या उतारावर. जानेवारीत कुळागरात पहाटे माडा-पोफळींवरून पाऊस पडल्यासारखे दव टपटपत असते, डोक्याला काही बांधल्याशिवाय शिरता येत नाही. काजूत गेलो तर पायाखालचा पाचोळा कुरकुरतो. मोहोराच्या दिवसांत हा फरक पैशांत मोजावा लागतो, कारण दमट आणि ढगाळ हवा लांबली की काजूवर ढेकण्या हा किडा येतो आणि आंब्याच्या मोहोरावर भुरी रोग. भाटकार (जमीनदार) मंडळींनी काजू उतारावर लावली ती केवळ तिथे भात होत नाही म्हणून, असे म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते.

एक सांगायचे राहिले. वायंगणासाठी, म्हणजे हिवाळी भातासाठी, शेतात पाणी सोडलेले असले, की त्या बाजूला धुके अधिक दाट दिसते. हा माझा डोळ्यांचा अंदाज आहे, त्याला शास्त्राचा आधार किती ते मास्तरांनी सांगावे.

उत्तर : माजी तारवटी (खलाशी)

वरील दोन्ही उत्तरे मान्य करूनही एक दुरुस्ती सुचवतो. हे रोज घडत नाही. हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा जास्त गार होते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला आपण मतलई म्हणतो. मतलई मंद असली तर दरीतली थंड हवा जागची हलत नाही. ती जोराची सुटली, की वरची आणि खालची हवा घुसळून एक होते, धुके फाटते आणि माथ्यावर उलट जास्त गारठा वाजतो, कारण उघड्या कड्यावर वारा अंगाला भिडतो. तेव्हा स्वेटर खाली ठेवून जाण्याची चूक करू नये. दुपारच्या सुमारास वारा फिरतो आणि समुद्राकडून खारे वारे सुरू होतात; त्याआधीच पर्वत सोडलेला बरा, नंतर दगड तापतो.

उत्तर : केप्याची वाचक

मीही तिथे एकटी जाते, म्हणून उतरण्याविषयी दोन शब्द. वरचा कोरडा दगड पाहून पाऊल सैल पडते, आणि खाली धुक्याच्या पट्ट्यात शिरल्यावर पायऱ्यांवरचा ओला पाचोळा घात करतो. माझा घोटा असाच मुरगळला होता आणि हाक मारायला कोणी नव्हते. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण दरीतले धुके निवळायला आणखी तास-दोन तास लागतात. तोवर वरच बसावे. पाचोळ्यात फुरसे असू शकते, म्हणून काठी आपटत चालावे. मी निघताना घरी परतीची वेळ सांगून ठेवते.

मडगावचा पायी (पुन्हा)

सर्वांचे आभार. काल थर्मामीटर घेऊन गेलो. वारा अजिबात नव्हता, आणि खाली नदीजवळ पारा जिथे थांबला त्यापेक्षा देवळाजवळ तो दोन-अडीच अंशांनी वर होता. धूरही सापडला. पारोड्याच्या बाजूच्या एका घरातून निघालेली निळसर रेघ माडांच्या शेंड्यांपेक्षा थोडी वर आली, अडली आणि शेतांवरून पश्चिमेकडे आडवी सरकत गेली. पावणेनऊपर्यंत ती तशीच होती. मग धुक्याला भोके पडू लागली, त्यातून आधी नदीचा एक वळसा दिसला, आणि धुराची रेघ कधी विस्कटली ते माझ्या लक्षातही आले नाही. वाऱ्याच्या पहाटेचा आकडा घ्यायचा राहिला आहे, तो मिळाला की इथेच लिहितो.