१४ डिसेंबर २०२३ पासूनचा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप : निराधार योजनेचे अर्जदार आणि बेरोजगार आपल्या बाजूने कसे उभे राहतील?

लिपिक_निराधार_शाखा

नमस्कार मंडळी. मी एका तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेच्या (विधवा, अपंग अशा निराधारांना महिन्याला अनुदान देणारी) टेबलावर लिपिक आहे. २०११ ला लागलो, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरचा, त्यामुळे जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगारावर ठरणारी खात्रीची पेन्शन, मला नाही. तिच्यासाठीच १४ तारखेपासून पुन्हा बेमुदत संपाची हाक आहे आणि मी संपात असणार. त्याबद्दल मनात शंका नाही.

प्रश्न वेगळा आहे. मार्चचा संप आठवा, १४ ते २० तारीख. गेटवर घोषणा चालू होत्या आणि एक विधवा बाई कागदांची पिशवी छातीशी धरून बाजूला उभ्या होत्या. आधार, रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, पासबुक, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. अडलं होतं उत्पन्नाच्या दाखल्यावर. वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा, त्याला तलाठ्याचा अहवाल हवा, आणि तलाठी आमच्याच मंडपात बसलेले. बाई म्हणाल्या, "तुम्हाला म्हातारपणाची काळजी, मला आजच्या किराण्याची." आमच्यातल्या एकाने "संप मिटल्यावर या" म्हणून त्यांना परत पाठवलं.

तेव्हा हजार रुपये महिना मिळायचे, आता दीड हजार झालेत. तेवढ्यासाठी चकरा मारणारी माणसं आपल्यावर चिडली तर त्यांना दोष कसा द्यायचा? त्याच संपाच्या काळात कोल्हापुरात सुशिक्षित बेरोजगारांनी जुन्या पेन्शनविरोधात मोर्चा काढला. अर्ध्या पगारात काम करायला तयार आहोत, असं पोरं म्हणत होती. ते बघून मला राग आला नाही, भीती वाटली. आपण एकमेकांच्या अंगावर गेलो तर सरकारला काही करायचीच गरज नाही.

कुठल्या तालुक्यात संघटनेने या लोकांना बरोबर घेतलंय का? नेमकं काय केलं?

तलाठी_परीक्षार्थी

दादा, अर्ध्या पगाराची भाषा मलाही पटत नाही. पण ती कुठून येते ते सांगतो. तलाठ्याच्या ४,६४४ जागांना १० लाखांवर अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला फी एक हजार रुपये. तिकडे ६ सप्टेंबरला बाहेरच्या एजन्सींकडून कंत्राटी भरतीचा जीआर निघाला. आम्ही रस्त्यावर उतरलो, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. तेव्हा आमच्या मोर्चात तुमच्या संघटनेचा एखादा झेंडा दिसला असता तर मार्चचा राग तिथेच निवळला असता. आमच्या गावात तरी दिसला नाही.

कंत्राटी भरतीला विरोध आणि रिक्त पदं भरा, हे तुमच्या मागण्यांत आहे, मला माहीत आहे. पण लोकांच्या कानावर पडलं ते फक्त "एकच मिशन, जुनी पेन्शन". रिक्त पदांची मागणी पहिल्या नंबरवर घ्या, अभ्यासिकेतली पोरं मंडपात येतील. मी स्वतः घेऊन येतो.

रोहयो_ताई

मी मजुरांच्या संघटनेत काम करते, त्यामुळे खिडकीच्या बाहेरच्या बाजूने बोलते.

रोजगार हमीवर काम मागायचं तर नमुना ४ भरून ग्रामपंचायतीत द्यायचा आणि तारखेसह पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. पहिले ३० दिवस मजुरीचा किमान पाव हिस्सा, पुढे किमान निम्मा. म्हणजे सगळा खेळ त्या पोचेवर. पोच नाही तर पंधरा दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध होत नाही, आणि भत्ता बुडतो. बायका काम मागून येतात, हातात चिठ्ठीसुद्धा नसते. यंदा, २०२३-२४ ला, मजुरी आहे २७३ रुपये. त्याचा पाव हिस्सा काढून बघा आणि तोही बुडाल्यावर संपाच्या घोषणा कशा ऐकू येत असतील ते बघा.

पोच न देणारा माणूस दुष्ट असतो असं मी म्हणणार नाही. कामं मंजूर नसतात, वरून दबाव असतो की मागणी दाखवू नका. गावात रोजगार हमीचं काम बघणाऱ्या ग्रामरोजगार सेवकाला आज, २०२३ मध्ये, पगारच नाही, झालेल्या कामाच्या टक्केवारीवर मानधन. त्यालाही पेन्शन नाही, आणि तुमच्या मंडपात त्याला खुर्चीही नसते. हे मला जास्त खटकतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला उत्तर: भाषण नको, पोच द्या. संपाच्या आदल्या आठवड्यात निराधारचे, श्रावणबाळचे (वृद्धांच्या अनुदानाचे), कामाच्या मागणीचे जेवढे अर्ज येतील तेवढे घ्या आणि तारीख टाकून पोच द्या. अर्ज अडवायचा आदेश आला तर तो लेखी मागा. हे संघटनेने जाहीर करायचं, एकट्या लिपिकावर सोडायचं नाही, नाहीतर नोटीस त्यालाच येते. आणि मागणीपत्रात एक ओळ घाला: निराधारांचं अनुदान महागाईशी जोडा. तुमचा महागाई भत्ता वाढतो, त्यांचे दीड हजार पुढची घोषणा होईपर्यंत तिथेच.

एवढं झालं तर आमच्या बायका गेटवर येतील. संपाला पाठिंबा द्यायला येतील, दाखला मागायला नाही.

जिप_शिक्षक

ताई, मुद्दा बरोबर. पण सगळ्यांच्या मागण्या एकाच कागदावर घेतल्या की वाटाघाटीत सरकार सोपी मागणी मान्य करतं आणि मुख्य मागणी समितीकडे ढकलतं. मार्चमध्ये पेन्शनवर समितीच मिळाली.

रोहयो_ताई

सर, घोषणा एकट्या पेन्शनचीच होती तेव्हाही समितीच मिळाली ना?

लिपिक_निराधार_शाखा

ताई, पोचेचं आजच तालुकाध्यक्षांशी बोललो. संघटनेच्या पत्रावर काढायला ते तयार आहेत. दीड हजार महागाईशी जोडायची ओळ जिल्ह्याच्या बैठकीत मांडू, तिथे विरोध होईल, पण मांडू. माझ्या टेबलावरचे अर्ज १३ तारखेपर्यंत नोंदवहीत चढवून, निराधारचे अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीपुढे ठेवण्याइतके तयार करतो. पुढे समितीची बैठक लांबली तर ते माझ्या हातात नाही, आणि अर्जदारांना तसं स्पष्ट सांगतो.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन तलाठी तयार झालेत, शनिवारी चावडीत बसून अहवाल देतील. परीक्षार्थी दादा, रिक्त पदांचा फलक तुम्हीच लिहा, मंडपात समोर लावू. ग्रामरोजगार सेवकांना निरोप कोण देईल? माझ्याकडे त्यांचा एकही नंबर नाही.