तलावाच्या काठावर गॅरेज : ना-हरकत द्यावी का?

कट्ट्यावरचा
ठाणे पश्चिमेला आमच्या गल्लीच्या टोकाला छोटा तलाव आहे. शहरातल्या मोठ्या मासुंदा तलावाच्या पासंगालाही पुरणार नाही, पण सकाळी पाच-पन्नास लोक फेरी मारतात आणि दोन पाणकावळे ठरलेल्या खांबावर पंख वाळवत बसतात. काठावरच्या बंगल्याच्या मालकांना उरलेल्या अर्ध्या भूखंडावर चारचाकी दुरुस्तीचं गॅरेज काढायचंय. पत्र्याची शेड, दोन खड्डे, गाड्या धुवायला रॅम्प. आजूबाजूच्या सोसायट्यांकडे ना-हरकत मागितली आहे, रविवारी बैठक आहे.

माझं मत : देऊ नये. ठाण्यात एकेकाळी साठेक तलाव होते असं जुने लोक सांगतात, आता पस्तीसच्या आसपास धरतात. बाकीचे एका रात्रीत बुजले नाहीत. आधी काठावर शेड येते, मग शेडपुढे भराव, मग भरावावर टपरी. गॅरेज हवंच असेल तर वागळे इस्टेटची औद्योगिक वसाहत आहे की.

पाना नंबर १३
वागळे इस्टेट १९६२ ची, एमआयडीसीची पहिली वसाहत. आज तिथे गाळ्याचं भाडं विचारून या, मग बोलू.

मी अठरा वर्षं गॅरेजलाइनमध्ये आहे. (या मालकांशी ओळख नाही, आधीच सांगतो.) रात्री गाडी बंद पडली की लोकांना गल्लीतलाच मिस्त्री लागतो, सकाळी मात्र तो डोळ्यांसमोर नको असतो. आणि गॅरेजवाले ऑइल पाण्यात सोडतात हे कोणी पसरवलं? जळकं ऑइल फेकेल कोण? डबा भरला की माणूस दारात हजर, सेंट्रिंगवाले (स्लॅबचा साचा उभारणारे) साच्याच्या पाट्यांना लावायला नेतात, रोख पैसे देतात. फरशीवर सांडलं तर भुसा टाकतो. तुमच्या सोसायटीत रोज सकाळी वीस गाड्या बादलीने धुतात, ते फेसाचं पाणी कुठे जातं हो?

सकाळची फेरी
दादा, ऑइल विकलं जातं, मान्य. धुण्याचं पाणी कोण विकत घेतं?

आमच्या आधीच्या घरासमोर गॅरेज होतं. पोरगा ट्रेमध्ये पेट्रोल ओतून ब्रशने सुटे भाग घासायचा आणि संध्याकाळी तो ट्रे गटाराच्या जाळीवर उपडा करायचा. पहिला पाऊस पडला की जाळीपाशी मोरपिशी तवंग यायचा, मुलं काडीने ढवळत बसायची. आमच्या गल्लीचं पावसाळी गटार थेट तलावात उतरतं. असा तवंग पसरला की पाण्याला हवा मिळत नाही, मग मासे वर येऊन तोंडं उघडतात.

आणि सेंट्रिंगवाल्याला ऑइल विकणं अभिमानाने सांगू नका. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात येतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायला हवं.

पाना नंबर १३
ट्रे उपडा करणारा पोरगा चुकलाच. पण एकाच्या चुकीसाठी अख्खा धंदा गल्लीबाहेर?

थेट मुद्दा
वाद कशाला? पाणथळ नियम २०१७. पाण्यापासून ५० मीटरपर्यंत पक्कं बांधकाम बंद. विषय संपला.

निवृत्त आरेखक
नाही संपला. ते ५० मीटर आहेत, पण नियम लागू होतात रामसर स्थळांना (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतल्या पाणथळींना) आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींना. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर झाली. आपलं तळं रामसर नाही आणि अधिसूचितही नाही. बैठकीत हे वाक्य फेकलंत तर मालकांचा वकील दोन मिनिटांत खोडून काढेल.

त्यापेक्षा झोन दाखला मागा, म्हणजे विकास आराखड्यात तो भूखंड कशासाठी दाखवलाय ते कळेल. बांधकामाच्या नियमावलीत (डिसेंबर २०२० ची एकत्रित) निवासी भूखंडावर कुठला धंदा चालेल, हे समोरचा रस्ता किती रुंद आहे यावरही ठरतं. आपल्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. भूखंडावर बागेचं आरक्षण असेल तर ते बदलायला १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३७ आहे : जाहीर सूचना, हरकती, मग शासनाची मंजुरी. यातलं काहीही सोसायटीच्या ना-हरकतीने होत नाही. ते पत्र फार तर तुमच्या तोंडावर चिकटवायची पट्टी. उद्या तक्रार केलीत की हेच पुढे करतील.

कोलबाडकर
काठावर काहीच नको म्हणताय, तर गडकरी रंगायतन कुठे आहे? तलावपाळीला, मासुंद्याच्या काठावरच ना?

सकाळची फेरी
नाटकाचा प्रयोग संपल्यावर कोणी ग्रीस धुवत नाही, भाऊ.

कट्ट्यावरचा
पानासाहेब, सरळ विचारतो. तुम्ही या जागी गॅरेज काढलं असतं तर पाण्याचं काय केलं असतं?

पाना नंबर १३
तीन कप्प्यांची टाकी. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं ते काढून घ्यायचं, तिसऱ्यातलं पाणी मलवाहिनीला जोडायचं. पावसाळी गटाराला अजिबात नाही. खर्च येतो, जागा जाते, आणि दर आठवड्याला कोणीतरी हात घालून साफ करावी लागते. म्हणून बरेच जण बांधत नाहीत. मी बांधलीय, पण आधी दंडाची नोटीस आली होती, लपवत नाही.

निवृत्त आरेखक
मालकांनी सूचना फलकावर आराखडा लावलाय, तो काल चष्मा लावून पाहिला. त्यात टाकी कुठेच नाही. रॅम्पच्या उताराचा बाण तलावाकडे आहे.

पाना नंबर १३
तलावाकडे? नक्की?

रविवारी किती वाजता आहे बैठक?